शिंगाचे मोल : रानमेंढा वाचविण्यासाठी भरलेल्या लिलावांचा इतिहास

आजचा धागा सह्याद्रीच्या किंवा दख्खनच्या इतिहासाचा नाही. तो आहे उत्तर अमेरिकेच्या पर्वतांत राहणाऱ्या एका रानमेंढ्याचा आणि त्याला वाचविण्यासाठी त्याच्याच शिकाऱ्यांनी भरवलेल्या मेजवान्यांचा. विषय दूरचा वाटेल. पण यात कर आहे, कायदा आहे, साथीचा रोग आहे, मेंढपाळ आहेत आणि ‘वन्य प्राणी नेमका कोणाचा?’ हा जुना प्रश्नही आहे. धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.

२०१३ सालचा हिवाळा. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील रिनो हे शहर. एका भव्य सभागृहात जेवणाची टेबले मांडली आहेत, कडेने पेंढा भरलेले मेंढे उभे आहेत आणि मंचावर लिलाव पुकारणारा बोली वाढवीत आहे. विकली जाणारी वस्तू म्हणजे एक कागद : मोंटाना राज्यात एक नर रानमेंढा टिपण्याचा परवाना. बोली ४ लाख ८० हजार डॉलरवर थांबली. त्या वेळच्या दराने अडीच कोटी रुपयांच्या आसपास. एवढे मोजूनही मेंढा मिळेलच याची हमी नाही. डोंगर चढायचा, शोधायचा, नेम साधायचा, हे सारे खरेदीदारानेच करायचे. आणि ही रक्कम जाणार कुठे? तिचा बहुतांश भाग मोंटाना सरकारच्या वन्यजीव खात्याकडे, रानमेंढ्यांच्या संवर्धनासाठी.

एक मेंढा मारण्याचा हक्क विकून हजारो मेंढे जगवायचे, असा हा व्यवहार. प्रथम ऐकताना तो ढोंग वाटतो. थोडे वाचल्यावर तो चमत्कार वाटू लागतो. मला मात्र बरेच वाचल्यावर असे वाटते की यातला पैसाही खरा आहे आणि परतलेले मेंढेही खरे आहेत. पण या कथेत पैसे देणाऱ्याचे नाव जितके ठळक लिहिले जाते, तितके किंमत मोजणाऱ्याचे लिहिले जात नाही. दोघे एकच नव्हेत.

प्रथम प्राण्याची ओळख. इंग्रजीत त्याला बिगहॉर्न म्हणतात, म्हणजे मोठ्या शिंगांचा. नराची शिंगे कपाळापासून मागे, खाली आणि पुन्हा पुढे अशी वेटोळे घेत वाढतात आणि आयुष्यभर वाढतच राहतात. रॉकी पर्वतराजीपासून मेक्सिकोच्या वाळवंटापर्यंत त्याचे कळप पसरलेले होते. १८०५ साली लुईस आणि क्लार्क यांची प्रसिद्ध मोहीम मिसुरी नदीच्या वरच्या खोऱ्यात पोहोचली, तेव्हा कड्यांवर बागडणारे हे मेंढे पाहून त्यांनी रोजनिशीत सविस्तर वर्णन लिहून ठेवले.

अर्थात, त्या डोंगरांना हे मेंढे अगदी परिचयाचे होते. आजच्या यलोस्टोन परिसरात आणि आयडाहोच्या पर्वतांत शोशोनी लोकांची एक शाखा राहत असे. तिचे नावच ‘तुकुदिका’, अर्थात मेंढा खाणारे. लाकडाचे ओंडके रचून डोंगरउतारावर निमुळत्या होत जाणाऱ्या वाटा ते तयार करीत आणि कळपाला हाकत त्या सापळ्यात आणीत. मेंढ्याचे शिंग गरम पाण्याने मऊ करून, सरळ करून, त्यावर स्नायुतंतूंचा थर चढवून ते धनुष्य बनवीत. हे धनुष्य इतके नामांकित होते की आसपासच्या जमाती ते घोड्यांच्या बदल्यात घेत. शिंगाला मोल येण्याची ही पहिली वेळ. पुढे १८७९ मध्ये अमेरिकी सैन्याने आयडाहोत त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली आणि तुकुदिकांना पर्वत सोडून राखीव वसाहतींत जावे लागले. रिनोच्या सभागृहात ज्या डोंगरांचे परवाने विकले जातात, त्यांतल्या काही डोंगरांवरून एक सबंध समाज असा आधीच उठवला गेला होता, हे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंढ्यांची संख्या झपाट्याने घसरली. मुळात ते किती होते? अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन या निसर्गलेखकाने पंधरा ते वीस लाखांचा अंदाज केला होता. आजचे अभ्यासक तो फुगवलेला मानतात आणि ते मलाही पटते. पण घसरणीबद्दल वाद नाही. १९६० मध्ये हेल्मट ब्यूकनर या अभ्यासकाने संयुक्त संस्थानांतील बिगहॉर्नची मोजदाद मांडली, तेव्हा आकडा पंधरा ते अठरा हजारांच्या घरात होता. ऑरेगन राज्यातून तर तो १९४५ पर्यंत पूर्णपणे नाहीसा झाला होता.

कारण विचारले तर बहुतेक जण बंदुकीकडे बोट दाखवतात. ते खोटे नाही. खाणींच्या वसाहतींना मांस हवे होते आणि व्यापारी शिकारी ते गाड्या भरभरून पुरवीत. पण शिकार थांबली तरी मेंढे मरतच राहिले. संपूर्ण कळपच्या कळप खोकत, धापा टाकत मेले. खरा घातक शत्रू होता तो पाळीव मेंढ्यांच्या श्वासातून येणारा रोग. युरोपातून आणलेल्या मेंढ्या काही जिवाणू सहज अंगावर वागवतात, त्यांना त्याचे फारसे काही होत नाही. रानमेंढ्याच्या फुफ्फुसाला मात्र त्यांची ओळख नव्हती. एक पाळीव मेंढी चुकून रानकळपात मिसळली की फुफ्फुसदाहाची साथ पसरते, मोठे मेंढे मरतात आणि जगलेल्या मेंढ्यांची कोकरे पुढे कित्येक वर्षे उन्हाळा पाहत नाहीत.

हे सिद्ध व्हायला फार उशीर लागला. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील विल्यम फोरेट यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा आणि भीषण आहे. सहा बिगहॉर्न आणि सहा पाळीव मेंढ्या एकाच कुंपणात ठेवल्या. ७१ दिवसांच्या आत सहाही बिगहॉर्न फुफ्फुसदाहाने मेले. पाळीव मेंढ्या धडधाकट राहिल्या.

इथे क्षणभर थांबतो. माझ्या आजोबांची मेंढरे दिवाळीनंतर फलटणकडून घाट उतरून कोकणात जात. मेंढरू ‘रोगट’ म्हणून गावाच्या शिवेवर अडवले की धनगराच्या मनात काय होते, ते मी घरातच ऐकले आहे. त्यामुळे या इतिहासात पाळीव मेंढी खलनायक म्हणून उभी राहते, तेव्हा मी जरा सावध होतो. शास्त्र मान्य, पण मेंढीमागे चालणारा माणूस कोण होता, हेही विचारले पाहिजे. त्याच्याकडे मी धाग्याच्या अखेरीस येईन.

आता मेजवान्यांकडे वळू. अमेरिकेत वन्यजीवरक्षणाची चळवळ अगदी अक्षरशः जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. डिसेंबर १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये काही श्रीमंत शिकारी मित्रांना भोजनास बोलावले. त्यातून ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ ही संस्था जन्माला आली. या मंडळींचे म्हणणे असे की शिकार हा खेळ आहे, त्याला नियम हवेत, आणि प्राण्यांचा बाजार मांडणारा व्यापारी शिकारी हा खरा शत्रू आहे. या विचाराला पुढे कायद्याचे बळ मिळाले. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारी वाहतूक गुन्हा ठरली. राज्याराज्यांनी परवाना पद्धत आणली, रानमेंढ्यांची शिकार अनेक ठिकाणी पूर्ण बंद केली. तत्त्व हळूहळू स्थिर झाले : वन्य प्राणी ही सर्व नागरिकांची सामाईक ठेव आहे, राज्य तिचे विश्वस्त आहे, आणि तिची विक्री होणार नाही.

या तत्त्वात वर्गाचा वास आहेच. पोटासाठी मारणारा गुन्हेगार, हौसेसाठी मारणारा सभ्य! तरीही ते तत्त्व महत्त्वाचे होते. परवान्यासाठी अर्ज करायचा, माफक शुल्क भरायचे, सोडतीत नाव निघाले तर जायचे. इथे शेतमजूर आणि कारखानदार एकाच रांगेत.

पैशाचा प्रश्न १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने काही अंशी सोडवला. बंदुका व काडतुसांवरील अबकारी कराचे उत्पन्न वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यात आले. राज्याने एक डॉलर उभा केला तर केंद्राकडून तीन मिळणार, अशी ती रचना. हा एकास तीनचा हिशेब लक्षात असू द्यावा. पुढे लिलावाच्या पैशाचे बळ यामुळेच वाढले.

त्याच सुमारास ॲरिझोनात एक विलक्षण मोहीम झाली. फ्रेडरिक रसेल बर्नहॅम हे आफ्रिकेतल्या युद्धांत नाव कमावलेले जुने टेहळे. बेडन-पॉवेल यांच्या स्काउट चळवळीमागे ज्यांच्या कौशल्याची प्रेरणा होती, तेच हे गृहस्थ. वाळवंटी रानमेंढा नामशेष होत आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये बालवीरांच्या मनावर बिंबवले. दहा हजारांहून अधिक मुलांनी चित्रे काढली, भाषणे केली, शाळाशाळांतून प्रचार केला. खाणमालक आणि पशुपालक यांचा विरोध असूनही जानेवारी १९३९ मध्ये कोफा आणि काबेसा प्रिएता ही दोन अभयारण्ये घोषित झाली. एकत्रित क्षेत्र पंधरा लाख एकरांहून अधिक. रानमेंढ्यासाठी समाजाने केलेली ही पहिली मोठी उठाठेव, आणि तीत एकही परवाना विकला गेला नाही. शिकारी संघटनांच्या इतिहासात हा प्रसंग सांगितला जातो खरा, पण घाईघाईने. मला तो फार आवडतो.

मग लिलाव आला कुठून? त्यासाठी शिंगाच्या मोजपट्टीकडे पाहावे लागते. बून अँड क्रॉकेट क्लबने विसाव्या शतकात शिकारीच्या विक्रमांची नोंदवही छापण्यास आरंभ केला आणि १९५० मध्ये शिंगांच्या मोजमापाची पद्धत पक्की केली. लांबी किती, मुळाशी घेर किती, सारे इंचांत. त्याआधी १९४८ मध्ये ग्रॅन्सेल फिट्झ या शिकारी लेखकाने एका मासिकात एक कल्पना मांडली होती. उत्तर अमेरिकेत रानमेंढ्यांचे चार प्रकार : डॉल, स्टोन, रॉकी पर्वतातील बिगहॉर्न आणि वाळवंटी बिगहॉर्न. चारही ज्याने टिपले त्याने ‘ग्रँड स्लॅम’ साधला. शब्द पत्त्यांच्या खेळातला. पण तो असा रुजला की १९५६ मध्ये या नावाचा क्लबच निघाला. जॅक ओकॉनर यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकांनी मेंढ्याच्या शिकारीला पर्वतातील साधनेचे रूप दिले होतेच. आता तिला यादी मिळाली, आणि यादी अपुरी राहिली की माणूस काय वाटेल ते मोजायला तयार होतो. चौथा, वाळवंटी मेंढा सर्वांत दुर्मिळ. कित्येकांचा ‘स्लॅम’ तिथेच अडकलेला. मागणी अशी तयार झाली, आणि पुरवठा राज्य सरकारांच्या मुठीत होता.

१९६० च्या दशकापासून शिकाऱ्यांच्या स्थानिक संस्था उभ्या राहू लागल्या. नेवाडात १९६४ मध्ये, ॲरिझोनात १९६७ मध्ये, टेक्सासात १९८१ मध्ये. यांचे आरंभीचे काम घामाचे होते. सुटीच्या दिवशी ट्रकमधून सिमेंट, पाइप, टाक्या घेऊन वाळवंटात जायचे आणि पावसाचे थेंब न् थेंब साठवणारे पाणवठे बांधायचे. गवंडी, शिक्षक, दंतवैद्य, सारे एकत्र खोरी मारत. या श्रमदानाचे वर्णन वाचताना दुष्काळी भागातले आपले पाणलोटाचे शिबिरच आठवते. १९७७ मध्ये खंडभरासाठी ‘फाउंडेशन फॉर नॉर्थ अमेरिकन वाइल्ड शीप’ स्थापन झाले. आज ते ‘वाइल्ड शीप फाउंडेशन’ या नावाने ओळखले जाते.

सिमेंटला पैसा लागतो, म्हणून वार्षिक मेजवानी. तिची रचना आजही जवळपास तीच आहे. जेवणाचे ताट विकत घ्यायचे, सबंध टेबल घेतले तर मान अधिक. व्यावसायिक शिकारी वाटाडे आपल्या एखाद्या मोहिमेची जागा दान करतात, चित्रकार चित्र देतो, बंदूक बनवणारा बंदूक. काही वस्तूंवर कागदावर बोली लिहायची, काहींवर उघड पुकारा, आणि ज्यांचा खिसा लहान त्यांच्यासाठी सोडतीची तिकिटे. ज्यांनी आयुष्यात एकही मेंढा टिपलेला नाही अशांचाही एक वेगळा मेळा भरतो, ‘एकाहून कमीवाल्यांचा क्लब’ या नावाने. त्यांच्यातून एकाला सोडतीत शिकारीची संधी मिळते. गंमत, गप्पा, बिअर, बक्षिसे.

गोव्याच्या देवळांत उत्सवाच्या अखेरीस पावणी होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही हवा ओळखीची वाटेल. देवापुढची केळी किंवा नारळ लिलावात बाजारभावाच्या कितीतरी पटींनी जातो. बोली लावणाऱ्याला भाव ठाऊक नसतो असे नाही. पैसा देवाला जातो आणि सारा गाव पाहत असतो. बोली केवळ वस्तूची नसते, बोली लावणाऱ्याचीही असते.

१९८० च्या दशकाच्या आरंभापासून या मेजवान्यांत ती नवी वस्तू आली. राज्य सरकारांनी सोडतीच्या परवान्यांतून एखाददुसरा परवाना बाजूला काढला आणि संस्थांच्या हाती लिलावासाठी दिला. ॲरिझोनाने दोन ठेवले, एक लिलावाला आणि एक तिकिटांच्या सोडतीला. मोंटानात १९८५ च्या विधिमंडळाने मुभा दिली. कॅलिफोर्नियात तर एकोणिसाव्या शतकापासून बिगहॉर्नची शिकार बंद होती. १९८६ च्या कायद्याने वाळवंटातील मोजक्या कळपांपुरती ती उघडली आणि त्यांतला एक परवाना निधीसाठी राखला. संस्थेने खर्चापोटी थोडा वाटा ठेवायचा आणि बाकी रक्कम राज्याकडे द्यायची, अशी सर्वसाधारण रीत. रकमा हजारांवरून लाखांवर गेल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील अल्बर्टाच्या एका परवान्याला चार लाख डॉलरच्या वर बोली लागली. अमेरिकेतील राज्यांच्या अशा रकमांवर केंद्राचे तीनास एक मिळवले म्हणजे एका रात्रीच्या पुकाऱ्यातून काय उभे राहते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

त्या पैशाने केले काय? मुख्य काम स्थलांतराचे. याची वाट जुनीच होती : १९५४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील विल्यम्स लेक येथून वीस मेंढे ऑरेगनच्या हार्ट माउंटनवर आणले गेले, आणि त्यांच्या वंशजांनी पुढे इतर डोंगर भरले. लिलावाच्या पैशामुळे हे काम कैक पटींनी वाढले. हेलिकॉप्टरमधून जाळे फेकून मेंढा पकडायचा, डोळे बांधायचे, रक्त तपासायचे, गळ्यात रेडिओपट्टा घालायचा आणि शेकडो मैलांवर सोडायचे. हेलिकॉप्टरचा तास स्वस्त नसतो. न्यू मेक्सिकोत वाळवंटी बिगहॉर्न १९८० मध्ये संकटग्रस्त यादीत गेला होता. २०११ मध्ये तो यादीतून बाहेर आला. सबंध खंडात आज बिगहॉर्नची संख्या ऐंशी हजारांच्या आसपास सांगितली जाते. ब्यूकनरच्या आकड्याशी तुलना करताना तो केवळ संयुक्त संस्थानांचा होता हे विसरू नये. तरीही वाढ खरी आहे आणि तिचे श्रेय या मेजवान्यांना नाकारणे अन्यायाचे ठरेल.

मेक्सिकोतले उदाहरण याहून रंजक आहे. कॅलिफोर्नियाच्या आखातातील तिबुरोन बेट हे सेरी, म्हणजे त्यांच्याच भाषेत कोमकाक, लोकांचे. १९७५ मध्ये तिथे वीस बिगहॉर्न सोडले. पंचवीस वर्षांच्या आत ते शेकड्यांत गेले. १९९० च्या दशकात कोमकाक समाज, अभ्यासक आणि संवर्धन संस्था यांच्यात करार झाला : वर्षाला मोजके परवाने अमेरिकेतील लिलावांत विकायचे, उत्पन्न समाजाला आणि संशोधनाला, वाढीव मेंढे मुख्यभूमीवर. इथे परवाना विकणारा डोंगराचा धनी आहे. तुकुदिकांच्या वाट्याला जे आले नाही ते, निदान काही प्रमाणात, कोमकाकांच्या वाट्याला आले. या कथेला २०१४ मध्ये एक जोडपान मिळाले. बेटावरच्या एका गुहेत संशोधकांना सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या लेंड्या सापडल्या. तपासाअंती त्या बिगहॉर्नच्या निघाल्या. ‘बाहेरून आणलेला’ मेंढा मूळचा तिथलाच होता, फक्त सर्वांच्या स्मरणातून गेला होता.

आता आक्षेप. पहिला तत्त्वाचा. व्हॅलेरियस गाइस्ट हे कॅनडातील थोर प्राणिशास्त्रज्ञ. रानमेंढ्यांच्या वर्तनावरचा त्यांचा १९७१ चा ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. ‘वन्य प्राणी सर्वांचा, त्याचा बाजार नको’ या परंपरेला ‘उत्तर अमेरिकी प्रतिमान’ म्हणून सूत्ररूप दिले तेही याच मेंढ्यांच्या अभ्यासकाने. आणि त्याच मेंढ्याचा परवाना सर्वांत मोठ्या थैलीला जावा, हा इतिहासाचा टोमणाच. समर्थक म्हणतात, शेकडो परवाने सोडतीने सामान्यांना जातात, एक विकला तर काय बिघडले? संख्येच्या हिशेबाने काहीच नाही. पण त्या एका परवान्याला बहुधा हंगाम मोठा आणि क्षेत्रही विस्तृत असते, म्हणजे डोंगरातला सर्वांत थोर मेंढा त्याच्याच वाट्याला येण्याचा संभव अधिक. तिकिटांची सोडत मला त्या मानाने न्याय्य वाटते. तीतही पैसा उभा राहतो आणि शंभर तिकिटे घेणाऱ्या श्रीमंताच्या आधी एकच घेतलेल्या सुताराचे नाव निघू शकते.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डेव्हिड कोल्टमन आणि सहकाऱ्यांनी अल्बर्टातील रॅम माउंटनच्या कळपाचा तीस वर्षांचा अभ्यास मांडला. मोठ्या शिंगाचे नर सतत टिपले गेल्याने पुढच्या पिढ्यांची शिंगे लहान होत गेली होती. मात्र हा दोष लिलावाच्या माथी मारणे चूक आहे. तिथे शिंग ठराविक मापाचे झाले की कोणीही परवानाधारक मेंढा मारू शकत असे. मोजक्या परवान्यांच्या ठिकाणी हा दबाव बराच कमी असतो. पण मोजपट्टीने निर्माण केलेली हाव आणि मोजपट्टीनेच निवडलेला बळी, हा धागा दोन्हींत समान आहे.

तिसरा मुद्दा कोण वाचते याचा. परवाना तिथेच विकता येतो जिथे शिकार कायदेशीर आहे. सिएरा नेवाडा पर्वतातील बिगहॉर्न १९९९ मध्ये अवघे शंभर-सव्वाशे उरले आणि केंद्राच्या संकटग्रस्त यादीत गेले; त्यांच्यासाठी विकायला परवानाच नव्हता. मेंढ्याला खाणाऱ्या डोंगरी सिंहाचे, प्यूमाचे, तर उलटेच : न्यू मेक्सिकोत मेंढ्यांच्या रक्षणाचा एक भाग म्हणून प्यूमा मारले गेले. आपल्या लडाखात उरियल आणि अर्गली हे रानमेंढे आहेत. त्यांच्या शिकारीला पूर्ण बंदी असल्याने हा मार्ग आपल्याकडे उघडतच नाही. त्यांचे भवितव्य सरकारी तरतुदीवर आणि चांगपांच्या कुरणांवर अवलंबून आहे.

आता त्या मेंढपाळाकडे, ज्याला मघाशी वाटेत सोडले होते.

रोगाचे मूळ कळल्यावर उपाय एकच उरला : पाळीव आणि रानमेंढे एकमेकांपासून दूर ठेवणे. आयडाहो, ऑरेगन आणि वॉशिंग्टन यांच्या सीमेवरील हेल्स कॅन्यन या खोल दरीत १९९५-९६ च्या हिवाळ्यात साथ आली आणि तीनशेहून अधिक बिगहॉर्न मेले. शिकारी संस्था, तिन्ही राज्ये आणि केंद्रीय खाती एकत्र आली. सरकारी कुरणांवरील चराईपट्टे ज्यांच्या नावे होते, त्यांना मोबदला देऊन पट्टे कायमचे बंद करण्यावर संस्थांनी पैसा खर्च केला. माझ्या मते लिलावाच्या पैशाचा हा सर्वांत शहाणा उपयोग. एक बंद पट्टा दहा स्थलांतरांहून मोलाचा. पण निर्णायक वळण पैशाने नव्हे, कायद्याने आले. नेझ पर्स जमातीने १८५५ च्या तहातील शिकारीच्या हक्काचा आधार घेऊन पाठपुरावा केला, पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या, आणि २०१० मध्ये पेयेट राष्ट्रीय वनाने पाळीव मेंढ्यांची चराई सुमारे ७० टक्क्यांनी घटविण्याचा निर्णय दिला. लोकर उत्पादकांनी तो आव्हानित केला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने वनखात्याची बाजू उचलून धरली.

पट्ट्याचा मोबदला पट्टाधारकाला मिळतो, म्हणजे मेंढ्यांच्या मालकाला. मेंढ्यांमागे चालणारा पट्टाधारक नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या डोंगरांत मेंढ्या राखायला आले ते स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क तरुण. त्यांची पुढची पिढी शहरांत गेली तेव्हा त्यांच्या जागी पेरूचे मजूर आले, ठराविक मुदतीच्या व्हिसावर, महिनेवारी पगारावर. कुरण बंद झाले की मालक दुसरे कुरण किंवा दुसरा धंदा पाहतो. राखणदाराचा करार संपतो. मेजवानीच्या टेबलावर, न्यायालयाच्या कागदांत आणि नुकसानभरपाईच्या हिशेबात तो कुठेही पक्षकार म्हणून दिसत नाही.

त्याची नोंद आहे ती झाडांवर. एकाकी उन्हाळ्यात बास्क मेंढपाळ ॲस्पेन वृक्षांच्या पांढऱ्या सालीवर चाकूच्या टोकाने बारीक रेघ ओढून नाव, गाव आणि साल कोरीत. झाड वाढे तशी रेघ काळी आणि रुंद होत जाई. आयडाहो आणि नेवाडातील अभ्यासक गेली काही दशके ही अक्षरे छायाचित्रांत आणि कापडावर उतरवून घेत आहेत. घाई आहे, कारण ॲस्पेनचे खोड बहुधा शंभर वर्षांच्या आतबाहेरच जगते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कोरलेली झाडे आता एकामागून एक पडत आहेत.